पहिलीच गिअरची गाडी आणि तीही सेकंडहँड क्रूझर: निवडायची कशी?

क्रूझरवर पहिल्यांदा बसलं की दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतात, आणि तिथेच माणूस निम्मा गार होतो. बजाज ॲव्हेंजर २२०ची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे, रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०ची ७६५. ॲक्टिव्हावरून थेट गिअरच्या गाडीवर येणाऱ्याला, त्यातही उंची बेताची असली तर, दुसरं काही बघावंसंच वाटत नाही. पण उभी असताना सोपी वाटणारी गाडी गल्लीत वळवतानाही सोपी असेलच असं नाही. क्रूझरचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा, लांब आणि पुढे झुकलेला, हँडल रुंद, दोन चाकांमधलं अंतर जास्त (ॲव्हेंजरचं १४९० मिलिमीटर). हायवेला याच गोष्टींमुळे गाडी नाकासमोर निवांत चालते, आणि पेठेतल्या बोळात यू-टर्न मारताना याच गोष्टी नडतात. म्हणून माझं सांगणं असं, की सीटच्या उंचीवर आणि आवाजावर भाळू नका. ढकलताना आणि चालण्याच्या वेगात वळवताना जी गाडी तुमच्या हातात राहते, ती तुमची.

आधी स्वतःचं बघा

लायसन्स बघा. विनागिअरचं लायसन्स असेल तर ते या गाडीला चालणार नाही, गिअरच्या मोटरसायकलचा प्रकार त्यावर वाढवून घ्यावा लागेल. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. हा महिना मित्राची एखादी साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी मागून क्लच-गिअर हातापायात बसवण्यात घालवा. क्लच शिकायला १९० किलोची गाडी कशाला?

मग गाडी जाणार कुठे, याचा विचार. क्रूझर म्हटलं की डोळ्यांपुढे मोकळा रुंद रस्ता येतो. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी-लिंक, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. तुमच्या वाट्याला जुना हायवे, घाट आणि खड्डे येणार. पाय पुढे सोडून बसत असल्यामुळे खड्डा आला तरी फूटरेस्टवर उभं राहून गचका पायांवर घेता येत नाही, तो सरळ कमरेत जातो. मणक्याचं दुखणं असलेल्यांनी अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय इसार देऊ नये. रोजचा प्रवास म्हणजे सिग्नलमागून सिग्नल असेल तर क्रूझर घ्याच असं मी म्हणणार नाही.

तिसरी परीक्षा फुकट आहे आणि तीच सगळ्यात खरी. ज्या मॉडेलचा विचार चाललाय ती गाडी ओळखीत कुणाकडे तरी असतेच. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती आणायला सांगा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. बाजूला उभं राहून ती उतारावरून वर ढकला, मग सीटवर बसून पायांनी मागे घ्या, दोन गाड्यांच्या मधे लावा आणि पुन्हा बाहेर काढा. दम लागला तर चालेल. पण एकदा जरी गाडी पलीकडे कलली आणि सावरताना पोटात गोळा आला, तर एक पायरी हलकी गाडी बघा. रोज सकाळी हेच करायचं आहे, आणि पावसाळ्यात टाइल्स ओल्या असतात.

मग गाडी कुठली?

मला विचाराल तर पहिल्या गाडीसाठी ॲव्हेंजर २२० हे सगळ्यात कमी डोकेदुखीचं उत्तर आहे. २०१०मध्ये २२०चं इंजिन आलं, २०१५च्या शेवटी स्ट्रीट आणि क्रूझ असे दोन अवतार झाले. वजन साधारण १६० किलो, ताकद १९ पीएसच्या आसपास. इंजिन पल्सर २२०च्या घराण्यातलं, त्यामुळे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात आणि चौकातल्या मिस्त्रीलाही ते उघडता येतं. क्रूझला काच, जास्त क्रोम आणि मागच्याला टेका असतो. स्ट्रीटचं हँडल आटोपशीर, शहरात ते बरं पडतं. एक लक्षात ठेवा, २२०ला किक नाही. बॅटरी बसली की धक्का मारायचा. स्ट्रीटचे १५०, १६० आणि १८०चे प्रकारही बाजारात दिसतात. फक्त शहरापुरती गाडी हवी असेल तर ते पुरतात, पण डबलसीट घाट चढायचा असेल तर २२०च घ्या.

मीटिऑर ३५० नोव्हेंबर २०२०मध्ये आली. ३४९ सीसी, २० बीएचपी, १९१ किलो. इंजिनाची थरथर जुन्या एनफिल्डच्या मानाने फारच कमी, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय). ढकलायच्या परीक्षेत पास झालात आणि खिसा परवानगी देत असेल तर गाडी उत्तम.

थंडरबर्ड ३५० म्हणजे मीटिऑरच्या आधीची पिढी. २०१२पासूनच्या मॉडेलला २० लिटरची टाकी आहे, एकदा भरली की पंप शोधायची चिंता नाही. मात्र २०२०मध्ये ती बंद झाली, सगळ्या गाड्यांना आता वयं झालीत, आणि बऱ्याच गाड्या आधीच्या मालकाने हौसेने ‘सजवलेल्या’ असतात. बुलेटचा अनुभवी मिस्त्री जवळ असेल तरच या वाटेला जा. थंडरबर्ड ५००ला त्याच मालिकेतली म्हणून स्वस्तात उचलू नका. तिचं वजनही जास्त आणि थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही वेगळा. २०२२च्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, ३५०च्या वर २,८०४, आणि त्यावर जीएसटी.

सुझुकी इंट्रूडर १५० हलकी आहे, १४८ किलो. इंजिन जिक्सरचं, म्हणजे इंजिनाचे पार्ट मिळतील. पण अंगावर प्लास्टिकचं एवढं काम आहे, की गाडी एकदा पडली तर ते पॅनल शोधत बसावं लागतं. यूएम रेनेगेड, ह्योसंग ॲक्विला असल्या गाड्या जाहिरातीत फार स्वस्त आणि देखण्या दिसतात. स्वस्त असायचं कारण हेच, की विकणाऱ्या कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळलाय. दुसरी गाडी दारात असलेल्या हौशी माणसाने त्या घ्याव्यात. हार्ले स्ट्रीट ७५०चं तर नावही काढू नका, सव्वादोनशे किलोंहून जड गाडीवर कुणी शिकत नाही.

वर्षांपैकी एक तारीख पाठ करून ठेवा: १ एप्रिल २०१९. त्यानंतरच्या १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच यायला लागली. नवशिक्याचा हात घाबरून पुढच्या ब्रेकवर आवळतो तेव्हा एबीएसची किंमत कळते. दोन गाड्यांत बाकी सगळं सारखं असेल तर दहा-पंधरा हजार जास्त मोजून या तारखेनंतरची घ्या.

जाहिरात वाचताना

‘सिंगल हँड, शोरूम कंडिशन, अर्जंट सेल’ हे तीन शब्दप्रयोग सोडून बाकी काय लिहिलंय ते वाचा. काहीच उरत नसेल तर पुढची जाहिरात. फोनवर तीनच प्रश्न विचारा: आरसीवर नाव तुमचंच का, बोजा (गाडीवरच्या कर्जाची आरसीवरची नोंद) आहे का, सर्व्हिस कुठे केली. पहिल्याच प्रश्नाला “मित्राची आहे, पण मीच वापरतो” असं उत्तर आलं तर नमस्कार करा. मालक वारले असतील आणि घरचे विकत असतील, तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. त्यांच्या दुःखाचा मान राखून एवढं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

किमतीचा अंदाज घेताना जुन्या बिलावर जाऊ नका. सप्टेंबर २०२५मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. विकणारे अजून “मी तेव्हा एवढ्याला घेतली होती” असा हिशेब मांडतात. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीपासून खाली या.

बघायला जाल तेव्हा

सकाळी जा, उजेडात जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा: “दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” पोचल्यावर हात पुसून आधी इंजिनाच्या फिन्सना आणि सायलेन्सरला स्पर्श करा, अर्थात जपून. गरम लागले तर गाडी तापवून ठेवलीय, म्हणजे थंड असताना तिचं काहीतरी दुखतं. थंड गाडी सेल्फवर दोन-तीन झटक्यांत सुरू व्हायला हवी. कार्ब्युरेटरच्या गाडीला थंडीत चोक लागला तर तो दोष नव्हे. सुरू झाल्यावर मागे जाऊन सायलेन्सरकडे बघा. सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि जाते. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम निघणार. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते ट्यूनिंगने सुटू शकतं. मिनिटभर ऐकत उभे राहा. टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची) बारीक टकटक चालते. इंजिनाच्या बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल तर टायमिंग चेनकडे बोट दाखवा.

इंजिन बंद करून पुढच्या चाकापासून सुरुवात करा. फोर्कच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर ऑइल सील गेलंय. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवा, हँडलच्या मुळाशी ‘टक’ वाजलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर अडकल्यासारखं झालं तर कोन सेटला खाच पडलीय. चेन-स्पॉकेटचे दात सरळ हवेत, शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेले असतील तर पूर्ण किटचा खर्च धरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवायच्या आधी रबरं बघा. फूटरेस्ट आणि गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत, चावीचं भोक झिजलेलं, डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा कंगोरा, आणि मीटर म्हणतंय बारा हजार? मालकाच्या तोंडाकडे बघून हसा. लिव्हरची टोकं, लेग गार्ड आणि सायलेन्सरचा खालचा भाग घासलेला असेल तर गाडी पडलेली आहे. पडणं हा गुन्हा नाही, पण चेसिसवर नवी वेल्डिंग किंवा फक्त एकाच भागावर ताजा रंग दिसला तर तिथून निघा. आणखी एक गंमत: एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटतो, त्याला बंद करायचं बटण नसतं. ‘२०१८ची’ म्हणून सांगितलेल्या गाडीला ते बटण असेल, तर वर्ष तरी खोटं किंवा वायरिंगला कुणीतरी हात घातलाय.

महाराष्ट्रात दोन गोष्टी मुद्दाम शोधाव्या लागतात. एक म्हणजे पूर. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ला महाड-चिपळूणमध्ये गाड्या बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन पॉलिश केली की फोटोत कळत नाही. सीट काढा. बॅटरीच्या खोबणीत, वायरिंगच्या सॉकेटमध्ये बारीक कोरडा गाळ, मीटरच्या काचेआड पाण्याची रेघ, हेडलाइटच्या आरशावर डाग, इंजिन ऑइल दुधाळ, यातलं काहीही दिसलं तर गाडी कितीही स्वस्त असो, नको. दुसरी गोष्ट खारी हवा. किनारपट्टीच्या गाडीची टाकी उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघा, आणि सायलेन्सर, स्पोक, चेसिसची खालची बाजू तपासा. क्रूझरवर क्रोम जास्त, त्यामुळे गंजही आधी तिथेच बोलतो. हे सगळं एकट्याने जमत नसेल तर मिस्त्रीला सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आलेला मिस्त्री घाईत असतो.

चालवून बघताना

तुमचं लायसन्स पक्कं नसेल तर चालवायला अनुभवी माणूस द्या आणि तुम्ही दुसऱ्या गाडीवर मागून चला. मागून एक गोष्ट चांगली दिसते: दोन्ही चाकं एका रेषेत पळतात की गाडी खेकड्यासारखी तिरकी. गिअर चारही बाजूंनी बघा, म्हणजे चढताना, उतरताना, थंड आणि गरम. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट संपल्यात.

मग तुम्ही बसा आणि रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरवर, हाफ क्लचवर, मागचा ब्रेक अगदी हलका धरून गोल फिरा. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचंय तिथे. डावीकडून दोन फेऱ्या, उजवीकडून दोन. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. क्रूझर पडण्याचं नवशिक्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच, आणि गाडी तेव्हा जवळपास उभीच असते. फूटरेस्ट खाली असल्यामुळे जास्त कलली की ते रस्त्याला घासतात. त्या आवाजाने दचकून हँडल सोडू नका. वाटेत एखादा उंच स्पीडब्रेकरही घ्या, आणि मागे कुणाला बसवून गाडीचं पोट घासतंय का ऐका.

कागद

गाडी आवडली तरी हातात पैसे काढायच्या आधी परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, बोजा कळतो. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून थकलेली चलनं बघा, ती विकणाऱ्याने भरूनच गाडी द्यायची. चेसिस नंबर हँडलच्या मुळाशी कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या खोळीवर. दोन्ही आरसीशी आकडा-आकडा जुळवा. खोडल्यासारखा, घासल्यासारखा वाटला तर चर्चा संपली.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. “कर्ज फिटलंय, फक्त नोंद राहिलीय” हे वाक्य फार ऐकायला मिळतं. नोंद उतरेपर्यंत थांबा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, त्यावर विकणाऱ्याच्या सह्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘बघू नंतर’ म्हणणं दोघांनाही महागात पडतं, कारण उद्या अपघात झाला तर नोटीस आरसीवरच्या नावाला जाते. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी विचारून घ्या.

बेळगावची केए-२२ किंवा गोव्याची जीए गाडी स्वस्त दिसते तेव्हा एक हिशेब करा: महाराष्ट्रात नोंदवताना इथला रस्ता कर पुन्हा भरायचा, आणि आधीच्या राज्याकडून परतावा मिळवायला हेलपाटे. फरक बहुतेक तिथेच जिरतो. आरसीची मुदतही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर आला. २०११-१२ची ॲव्हेंजर म्हणून तर स्वस्त मिळतेय.

विमाही नावावर करायचा, १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे आधीच्या मालकाची सवलत तुम्हाला लागू होणार नाही. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवलीय का बघा. फटफट आवाजाचा सायलेन्सर असेल तर कंपनीचा मूळ सायलेन्सर सोबत मागा, नाहीतर नव्याचे पैसे किमतीतून वजा करा. असले सायलेन्सर पोलिस काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, दंड वेगळा. उंच केलेलं हँडल, बदललेली चाकं, कापलेले मडगार्ड, सगळ्याला हाच नियम.

भाव आणि व्यवहार

वर सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत मिस्त्रीकडून लिहून घ्या: टायर, चेन किट, बॅटरी, ऑइल सील, कोन सेट. ती यादी समोर ठेवून बोला, आवाज न चढवता. तुमच्या एकूण बजेटपैकी दहा-पंधरा टक्के गाडीच्या किमतीत घालूच नका. ते पहिल्या महिन्याच्या सर्व्हिसला, आयएसआय हेल्मेटला आणि हातमोज्यांना लागणार आहेत. इसार दिलात तर रक्कम, गाडी नंबर आणि तारीख लिहून सही घ्या. उरलेले पैसे बँकेतून, आरसीवरच्या नावाच्याच खात्यात. दुसरी चावी आणि विम्याची प्रत तेव्हाच ताब्यात घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेकचं ऑइल बदला. मालकाने “परवाच केलंय” म्हटलं असलं तरी. आरसे तुमच्या खांद्यांच्या मापाने लावा. क्रूझरचं हँडल रुंद असल्यामुळे रिक्षा आणि बसच्या मधून घुसताना आरसा आधी अडकतो, तेव्हा पहिला महिना घुसूच नका.

गाडी एकदा तरी आडवी होईल असं धरून चाला आणि उचलायची पद्धत आधीच शिका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडा, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. पाठ सीटला लावून खाली बसा, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅब रेल धरा आणि पायांच्या जोराने मागे चालत चालत उठा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडीऐवजी तुम्हाला उचलायला माणसं लागतील.

पहिले तीन-चारशे किलोमीटर एकट्याने. मग मागे कुणाला बसवायचं असेल तर आधी मागचे शॉकअप एक-दोन खाच कडक करून घ्या आणि टायरची हवा मॅन्युअलमध्ये डबलसीटसाठी दिलीय तेवढी भरा. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, वळताना गाडी उशिरा ऐकते. ताम्हिणी-आंबोलीच्या आधी एखाद्या रविवारी पहाटे शहराबाहेरच्या साध्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर डबलसीट जाऊन या, आणि परत आल्यावर चेन किती सैल झालीय ते बघा.